आंद्रेओत्ती आणि ते ५५ दिवस
काल रात्री वेंगुर्ल्यात पाऊस असा कोसळत होता की लाईट गेली ती गेलीच, मग पडवीत बसून बाबांना मोबाईलवर जुलिओ आंद्रेओत्तीबद्दल वाचून दाखवत होतो. सात वेळा इटलीचा पंतप्रधान! जन्म रोमचा, १९१९ चा, तेव्हाचे पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या हाताखाली १९४७ मध्ये सरकारात आला आणि पुढे संरक्षण, परराष्ट्र अशी खाती सांभाळत १९९२ पर्यंत सत्तेच्या आसपासच.

पण मला खरं अडकवलं ते १९७८ नं. १६ मार्चला आल्दो मोरोंना, म्हणजे त्याच्याच ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या अध्यक्षांना, रेड ब्रिगेड या अतिडाव्या सशस्त्र गटवाल्यांनी रोममध्ये भर रस्त्यात पळवलं, पाच अंगरक्षक मारले, आणि त्याच दिवशी आंद्रेओत्तीच्या नव्या सरकारचं विश्वासमत होतं, तेही कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर. ५५ दिवस मोरो पत्रं लिहीत राहिले, मला सोडवा म्हणून, आणि सरकार वाटाघाटी नाही म्हणजे नाही म्हणत राहिलं. ९ मेला गाडीच्या डिकीत मृतदेह सापडला. बाबा म्हणाले, "राज्य चालवूचा तर असा करूकच लागता रे." मला नाही पटलं, अजून नाही पटत. घरची माणसं वाट बघत होती ना त्यांची.

नंतर आंद्रेओत्तीवर माफियाशी संबंध असल्याचा खटला. १९९९ ला पालेर्मोत सुटला, पण २००३ च्या अपिलात कोर्टानं म्हटलं की १९८० पर्यंतचे संबंध होते, फक्त मुदत उलटून गेल्यामुळे शिक्षा नाही, आणि २००४ ला वरच्या कोर्टानंही तेच कायम ठेवलं. लोक मात्र नुसतं निर्दोष सुटला म्हणतात, याचा मला फार राग येतो. २०१३ ला वारला तेव्हाही तहहयात सेनेटर होता.