‘मला काही नको’ म्हणणारा धाकटा आणि सही न करणारी ताई

मराठी मालिकेत वडील गेले की पुढच्या आठवड्यात घराचे कागद निघतात. मृत्युपत्र नसतं. मागे आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण. थोरला हक्कसोडपत्र पुढे करतो, ताई पेन खाली ठेवते, पार्श्वसंगीत बदलतं आणि बघणारे ठरवून टाकतात की बाई लोभी आहे. भावंडांपैकी कोण चुकलं यावर भांडायचंच तर आधी एक विचारावं: घर कुठल्या प्रकारचं आहे? मुंबईत हेतू त्यावरून कळतो.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला ओनरशिप फ्लॅट असेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई आणि तिन्ही मुलं समान वारस. प्रत्येकाचा पाव हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर पाच वाटे. हे 1956 पासून असंच आहे. त्यामुळे ‘कायदा बदलला आणि ताईला हक्क आठवला’ हा थोरल्याचा संवाद कितीही टाळ्या घेवो, खोटा आहे. 2005 ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल होती, आणि महाराष्ट्राने तर त्या दिशेचा बदल 1994 मध्येच केला होता. बाबांनी कर्ज काढून घेतलेल्या टू बीएचकेतला ताईचा हिस्सा त्यातून आलेला नाही.

लेखकांचा दुसरा लाडका धक्का म्हणजे सोसायटीतलं नॉमिनेशन. थोरल्याचं नाव निघतं आणि बाकीचे कोसळतात. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने घर सांभाळतो. इथे हेतू तपासायला छान जागा आहे: हे त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असून गप्प बसला तर तो लबाड. ठाऊकच नसेल तर तो फक्त घाबरलेला माणूस आहे. पटकथेत हा फरक एका वाक्यात दाखवता येतो, पण बहुतेक वेळा ते वाक्य लिहिलेलंच नसतं.

फसवून घेतलेल्या सहीचंही तसंच. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, फोटो, अंगठे, साक्षीदार. दिवाणखान्यात औषधाच्या कागदांत घुसडलेल्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने ताईचा हिस्सा जात नाही. भावाचा हेतू मात्र तिथेच उघडा पडतो.

आता घर गिरगावातली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने घेतलेली खोली आहे असं धरा. सगळं उलटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाडेकरू वारला की भाडेहक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असं कोणी नसेल तरच इतर वारसांचा प्रश्न येतो. म्हणजे आईवडिलांजवळ राहिलेल्या थोरल्याची बाजू कायद्याने भक्कम, डोंबिवलीत हप्ते फेडणाऱ्या धाकट्याची आणि ताईची कच्ची. त्यात इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असून पुनर्विकासाला गेली, की शंभर-दीडशे फुटांच्या खोलीच्या जागी किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर येतं. खरा नैतिक पेच हा आहे. थोरला राहिला म्हणून बाकीचे बाहेर पडू शकले, की बाकीचे बाहेर पडले म्हणून त्याला प्रशस्त राहता आलं? आजारपणाची रात्रपाळी कोणी केली, पैसे कोणी पाठवले? यावर दोन महिने मालिका चालेल. पण ती चालवत नाहीत, कारण यात खलनायक सापडत नाही.

मग खलनायक आणला जातो, आणि तो नेहमी बाहेरून येतो: थोरली सून. ‘दादा असा नव्हता, वहिनीने बिघडवला.’ ही मला सर्वांत आळशी सोय वाटते. चाळिशीतल्या माणसाने बहिणीचा हिस्सा दाबायचा आणि दोष बायकोच्या टिकलीला! वाद घालताना एक साधा नियम पाळावा: सून खोलीत नसतानाचे थोरल्याचे प्रसंग वेगळे काढून बघावेत. एकटा असताना तो कोणाला फोन करतो, आईला काय सांगत नाही. बहुतेकदा निर्णय त्याचाच असतो, सुनेच्या तोंडी फक्त संवाद असतो.

लीपनंतरचं, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेल्यानंतरचं वागणं पुरावा म्हणून फारसं धरू नये. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद अनेकदा वेगवेगळ्या लोकांकडे असतात, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, कलाकार मालिका सोडतात. दुष्ट भाऊ अचानक हळवा झाला तर ते मनपरिवर्तन असेलच असं नाही; नवा ट्रॅक असेल.

सगळ्यांत कमी तपासला जातो तो धाकटा. तो पहिल्याच बैठकीत ‘मला काही नको’ म्हणतो आणि थोरल्याच्या नावे हक्क सोडतो. आई त्याला कुशीत घेते. हिशोब बघा: थोरल्याचा पाव होता, तो अर्धा झाला. दोन भागांनंतर गहिवरून आईही सही करते आणि त्याच्याकडे पाऊण जमतं. ताईचा पाव तेवढाच आहे, तिने कोणाचं काही मागितलेलं नाही. तरी आता सही न केलेली ती एकटीच उरते, आणि घर मोडणारी म्हणून बोट तिच्याकडे वळतं. धाकट्याला खरंच काही नको होतं, तर त्याने आपला पाव आईच्या नावे का सोडला नाही, हे त्या मालिकेतलं एकही पात्र विचारत नाही.