रॉटरडॅम: संग्रहालयाच्या कोठारात

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम सेंट्रल स्टेशनवरून चालत निघालं तर वीसेक मिनिटांत म्युझियमपार्क येतं. मेट्रोनं यायचं असेल तर एंड्राख्ट्सप्लाइनला उतरायचं. बागेच्या कडेला आरशांचा एक अवाढव्य वाडगा ठेवलेला दिसतो. हाच डेपो बॉयमन्स फान ब्यूनिंगन, याच नावाच्या कला संग्रहालयाचं कोठार. उंची ३९.५ मीटर, तळाचा व्यास ४० मीटर, माथ्याचा ६०, आणि अंगावर १,६६४ आरसे. एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकारांनी तळ मुद्दाम लहान ठेवला, कारण जागा सार्वजनिक बागेची होती आणि तिच्यातली जमीन जितकी कमी खाल्ली जाईल तितकी बरी. आरशांत आख्खं शहर उलगडून दिसतं, त्यामुळे बहुतेकांचा पहिला अर्धा तास बाहेर फोटो काढण्यातच जातो. तो वेळ आत घालवलेला चांगला.

मुख्य संग्रहालय पलीकडे, १९३५च्या इमारतीत. दुरुस्तीसाठी ते २०१९ पासून बंद आहे. संग्रह रॉटरडॅम शहराचा. फ्रान्स बॉयमन्स या वकिलानं आपला संग्रह शहराच्या नावे केला आणि १८४९ मध्ये संग्रहालय उघडलं. १८६४च्या आगीत त्यातला मोठा भाग जळाला. पुढे फान ब्यूनिंगन या उद्योगपतीचा संग्रह आला आणि १९५८ मध्ये त्याचं नाव पाटीवर चढलं. नंतरची धास्ती पाण्याची होती. जुनं कोठार तळघरात, शहर समुद्रसपाटीच्या आसपास किंवा खालीच, आणि पाणी शिरायची टांगती तलवार कायमची. म्हणून हा डेपो बांधला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो खुला झाला आणि दीड लाखाहून अधिक वस्तू इथे हलवल्या गेल्या.

एरवी मोठ्या कला संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूंपैकी दहा टक्केसुद्धा भिंतीवर नसतात. बाकीच्या कुठे आणि कशा ठेवतात, हे पाहायला सहसा मिळत नाही. इथे तिकीट काढून तेच पाहायचं.

आत शिरताच पहिली गोष्ट खटकते. वस्तूंशेजारी नावाच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. माहिती हवी तर फोनवर कोड स्कॅन करायचा, त्यामुळे फोन चार्ज करून जावं. पिशव्या आणि ओले रेनकोट लॉकरमध्ये. बरीचशी कोठारं काचेतूनच दिसतात. आत पाऊल टाकायचं तर मार्गदर्शकाबरोबर, लहान गटानं, अंगात पांढरा कोट चढवून आणि मोजक्या मिनिटांसाठी. हा थाट नव्हे. दहा-बारा माणसं बंद खोलीत श्वास सोडू लागली की तापमान आणि आर्द्रता लगेच चढते. कपड्यांवरून धूळ, धागे आणि क्वचित कसरीची अंडीही आत येतात.

रचना पाहून कलेतिहासाचा अभ्यासक गोंधळतो. इथे कालखंड नाही, देश नाही, चित्रकारही नाही. वस्तू कशाची बनली आहे आणि केवढी आहे, एवढंच विचारलं जातं. चौदा कोठारं आणि पाच प्रकारची हवा, म्हणजे तापमान-आर्द्रतेचे पाच मेळ, एकेका जातीच्या वस्तूंसाठी एक: धातू, प्लॅस्टिक, सेंद्रिय-असेंद्रिय मिश्र वस्तू, कृष्णधवल छायाचित्रं आणि रंगीत छायाचित्रं. पंधराव्या शतकातल्या संताशेजारी १९७०च्या दशकातला रंगाचा पट्टा लटकतो, कारण दोघांनाही एकच हवा मानवते. मला ही मांडणी बहुतेक प्रदर्शनांपेक्षा प्रामाणिक वाटते.

पाच हवा कशाला, हे सोळाव्या शतकातल्या पीटर ब्रॉयगल या चित्रकाराच्या ‘बाबेलचा मनोरा’वरून समजतं. या संग्रहातली त्याची आवृत्ती लहान आहे, साधारण ६० बाय ७५ सेंटीमीटर, आणि ओकच्या फळीवर रंगवलेली. हवेत ओल वाढली की फळी रेषांच्या आडव्या दिशेनं फुगते, हवा कोरडी झाली की आवळते. वरचा साडेचारशे वर्षांचा रंग मात्र ताठर झालेला असतो. तो फळीबरोबर हलत नाही, मग आधी बारीक तडे, नंतर पोपडे. घात करतो तो आकड्यापेक्षा चढउतार. आज अनेक मोठी संग्रहालयं बऱ्याच वस्तूंसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालवून घेतात, पण चोवीस तासांत आर्द्रता दहा टक्क्यांपेक्षा जास्त हलू देत नाहीत. धातूला याहून कोरडी हवा लागते, नाहीतर गंज. रंगीत छायाचित्रांचे रंग अंधारातसुद्धा उडतात, कारण ती रासायनिक क्रिया उजेडाची वाट पाहत नाही. तिथे उपाय थंडीचा. पण थंड खोलीतला फोटो तसाच बाहेर काढला तर त्यावर दव धरतं. म्हणून तो हवाबंद पिशवीत घालून, बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडायची. प्लॅस्टिक सगळ्यात दगाबाज. पीव्हीसी चिकट होतं, सेल्युलोज अ‍ॅसिटेटला व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती वाफ शेजारच्या वस्तूलाही नासवते.

चित्रांच्या कोठारात छतापर्यंत लोखंडी जाळीचे उभे रॅक असतात, रुळावरून कपाटाच्या फळीसारखे बाहेर सरकणारे. जाळीला आकडे, आकड्यांना चित्रं, दोन्ही बाजूंनी. रॅक ओढणाऱ्याचा हात बघावा. सुरुवातीला जवळजवळ कळणारच नाही इतकं सावकाश, मग एकसारखा वेग, आणि शेवटी थांबवताना पुन्हा सावकाश. झटका बसला तर एकाच वेळी वीस कॅनव्हास थरथरतात आणि सुटायला आलेला पापुद्रा तिथेच गळतो. जड चौकटी खाली, हलक्या वर. कुठल्याही चित्राचा काठ जाळीच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर शेजारचा रॅक सरकताना तो घासणार. चित्र जागेवरून हललं की त्याची नवी जागा त्याच क्षणी संगणकात नोंदवायची, संध्याकाळी नव्हे. एवढ्या मोठ्या संग्रहात चुकीच्या रॅकवर टांगलेलं चित्र हे हरवलेलंच चित्र.

नवी वस्तू थेट कोठारात जात नाही. आधी वेगळ्या खोलीत मुक्काम, तपासणी, चिकट सापळे. लाकडाला नव्यानं पडलेली बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर घुण जिवंत आहे. लोकरी कापडाला कसर, कागदाला सिल्व्हरफिश हे चंदेरी किडे. औषध फवारत नाहीत, कारण ते रंगावर आणि माणसांवरही उठतं. वस्तूला सोसणार असेल तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे तीस अंशांना तीन दिवस किंवा उणे वीसला आठवडाभर. रंगवलेल्या लाकडाला थंडी बाधू शकते. ते नायट्रोजन भरलेल्या तंबूत ठेवून प्राणवायू जवळजवळ संपवतात आणि तसंच काही आठवडे राहू देतात. घाई केली तर अळ्या मरतात, अंडी वाचतात.

प्रदर्शनाची कपाटंसुद्धा अशीच संशयानं पाहतात. एमडीएफ, ओक, काही गोंद आणि रंग यांतून आम्लाच्या किंवा गंधकाच्या वाफा सुटतात. शिसं पांढरं पडतं, चांदी काळवंडते. म्हणून सामान वापरण्याआधी त्याचा तुकडा चांदी, शिसं आणि तांब्याच्या पट्ट्यांसोबत बंद बाटलीत, ओलसर हवेत, ६० अंशांना अठ्ठावीस दिवस ठेवतात. पट्ट्या चकचकीत राहिल्या तरच ते कपाटात जातं. उद्घाटनाची तारीख डोक्यावर असताना हे अठ्ठावीस दिवस कुणालाच नको असतात, आणि गडबड होते ती इथेच.

दुरुस्तीच्या कार्यशाळांना काचा आहेत, तिथे उभं राहून बघता येतं. या संग्रहातल्या तपासणीचा विषय निघाला की हान फान मेगेरन या नकली चित्रं करणाऱ्या चित्रकाराला टाळता येत नाही. त्यानं रंगवलेलं ‘इमाउसचं भोजन’ सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या डच चित्रकाराचं म्हणून संग्रहालयानं घेतलं आणि १९३८ मध्ये दिमाखात लावलं. अब्राहम ब्रेडियस या जाणकारानं ते अस्सल ठरवलं होतं. कॅनव्हास खरोखर सतराव्या शतकातला होता, वरचं जुनं चित्र खरवडलेलं. रंगात बेकेलाइटसारखं (एक जुनं प्लॅस्टिक) रेझिन मिसळून चित्र भट्टीत भाजलेलं. ताजा तेलरंग अल्कोहोलनं विरघळतो, हा विरघळेना. मग कॅनव्हास नळकांड्यावर गुंडाळून तडे पाडले आणि तड्यांत शाई भरली. १९४५ मध्ये, नाझी नेता गोरिंगला ‘व्हर्मीर’ विकल्याच्या प्रकरणात अडकल्यावर, त्यानं स्वतःच कबुली दिली. मग रासायनिक तपासणीत रेझिन सापडलं. १९६० च्या दशकात शिशाच्या पांढऱ्या रंगातला किरणोत्सार मोजला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली, कारण शिसं तीनशे वर्षं जुनं असतं तर त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण केव्हाच समतोलात आलं असतं. चित्र आजही संग्रहात आहे. फेकून दिलं नाही, हे उत्तम केलं.

उघडं कोठार म्हणजे उघडा धोकाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या ‘ग्रे, ऑरेंज ऑन मरून, नंबर ८’ या डेपोत लावलेल्या चित्राच्या खालच्या भागावर एका लहान मुलाच्या हातून ओरखडे आले. ओरखडे लहान, काम मोठं. जुन्या चित्रावर व्हार्निशचा थर असतो. घाव बऱ्याचदा त्यातच अडतो आणि दुरुस्तीचा रंगही त्याच्यावर, पुढे काढता येईल असा लावता येतो. या रॉथकोवर व्हार्निश नाही. नवा रंग थेट मूळ रंगाला भिडतो, आणि मखमली पृष्ठभागावर जरा चकाकी आली तरी तो ठिपका दुरून दिसतो.

आधुनिक कलेतल्या काही गोष्टी रॅकवर मावतच नाहीत. माउरिझिओ कॅटेलान या इटालियन कलाकाराच्या शिल्पातला माणूस जमिनीतल्या भोकातून डोकं वर काढून पाहतो. तो मांडायचा म्हणजे आधी फरशी कापायची आणि खाली काय आहे ते इमारतीच्या अभियंत्याला विचारायचं. डच कलाकार विम स्खिपर्सची ‘पीनट बटरची फरशी’ २०१० मध्ये विकत घेतली तेव्हा हातात आली ती कल्पना आणि मांडणीचे नियम. २०११ मध्ये शेकडो लिटर पीनट बटर जमिनीवर पसरलं आणि काही प्रेक्षक त्यात पाय बुडवून गेले. बॉयमन्सच्या कागदपत्रांत या कृतीला सुद्धा बाकी चित्रांसारखाच नोंदणी क्रमांक.

चित्र दुसऱ्या संग्रहालयाला उसनं जातं तेव्हा विमा भिंतीवरच्या खिळ्यापासून परतीच्या खिळ्यापर्यंतचा असतो. निघण्यापूर्वी तिरप्या उजेडात फोटो, प्रत्येक तडा आराखड्यावर खुणावलेला. पेटी प्लायवूडची, कडांना रबर, आत चित्राच्या मापानं कापलेला फोम. पोचल्यावर पेटी चोवीस तास बंदच ठेवायची, आतलं लाकूड नव्या हवेला सरावेपर्यंत. कागदावरचं काम असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं एकक) वर नको, आणि तीनेक महिने भिंतीवर राहिलं की पुढची काही वर्षं अंधारात. एखादं रेखाचित्र पाहायला तुम्ही मुद्दाम लांबून आलात आणि ते खोक्यात असलं, तर चिडण्यात अर्थ नाही.

डेपो सोमवारी बंद असतो. कोठाराच्या आतल्या फेरीची वेळ आधीच ठरवा, आणि जमलं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा. दुरुस्ती करणारी मंडळी नोकरदारच आहेत. रविवारी काचेपलीकडे बहुधा झाकलेली टेबलं आणि बंद सूक्ष्मदर्शक दिसतील.