पावडरीवरचा ठसा

रविवार, रात्री साडेनऊ

आज पहाटेच्या बोचऱ्या थंडीत शहराबाहेर सरावाला गेलो, तेव्हा गोल्फच्या क्लबांच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांच्या, बॅगेत टाल्कम पावडरचा डबाही ठेवला होता. गेले चार महिने एक कोडे सुटत नव्हते. मी उजव्या हाताने खेळतो. ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या, मोठ्या डोक्याच्या क्लबने) मारलेला चेंडू हवेत डावीकडे वळतो आणि सात नंबरच्या आयर्नने (पातळ, धातूच्या पात्याच्या क्लबने) मारलेला चेंडू उजवीकडे जाऊन अंतराला कमी पडतो. दोष मनगटांचा मानावा, तर तीच मनगटे एका क्लबने चेंडू डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे कशी पाठवतात, हे मला उमगत नव्हते. उपाय म्हणून मी ग्रिप अधिकाधिक आवळत गेलो, इतकी की डाव्या तळहाताला घट्टा पडला.

ड्रायव्हरच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या बाजूवर, पावडरीचा पातळ थर लावला आणि दहा चेंडू मारले. प्रत्येक फटक्यानंतर क्लब उलटा धरून पाहिला, फेस पुसला, पुन्हा थर लावला. पावडरीत चेंडूच्या खळग्यांसकट साधारण रुपयाच्या नाण्याएवढा गोल ठसा उमटतो. दहापैकी आठ ठसे मध्याच्या दीडेक सेंटीमीटर बाहेर, टोच्या (माझ्यापासून दूरच्या टोकाच्या) बाजूला होते. मग आयर्न घेतले, तर तिथेही ठसे टोच्याच बाजूला. म्हणजे चूक एकच होती. दोन क्लब ती दोन प्रकारे दाखवत होते.

असे का होते, हे घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन स्वतःला समजावले. चेंडू टोजवळ लागला की त्याचा धक्का क्लबहेडच्या (क्लबच्या डोक्याच्या) गुरुत्वमध्यातून न जाता बाजूने जातो, त्यामुळे हेड स्वतःभोवती फिरते आणि फेस उजवीकडे उघडतो. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. म्हणून हेड फिरताना फेसचा पृष्ठभाग चेंडूला चिकटून आडवा सरकतो आणि एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांप्रमाणे चेंडूला उलट दिशेची फिरकी मिळते. तीच फिरकी चेंडूला डावीकडे वळवते. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर ठेवलेला असतो तो याचसाठी, की टोवर लागलेला चेंडू आधी उजवीकडे निघावा आणि मग वळून मध्याकडे परत यावा. हीलजवळ (माझ्याकडच्या, दांड्यालगतच्या टोकाजवळ) लागल्यास हे सारे उलट्या बाजूने घडते. आयर्नमध्ये मात्र गुरुत्वमध्य फेसच्या अगदी लगत असल्याने ही फिरकी नगण्य राहते. फेस उघडतो, चेंडू उजवीकडे निघतो, वेग गमावतो आणि त्याला परत आणणारे काहीच उरत नाही.

लहानपणी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर (त्याचे नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण आमच्या तोंडी जुनेच बसले आहे) क्रिकेट खेळताना चेंडू बॅटीच्या कडेला लागला की मूठ हातात गर्रकन फिरायची आणि मोठी मुले ओरडायची, ‘‘बॅट घट्ट धर!’’ तो सल्ला मी चाळीस वर्षे मनात बाळगून गोल्फमध्ये आणला. गोल्फमध्ये तो चुकीचा का ठरतो, हे आज आकड्यांनी पटले. चेंडू आणि फेस यांचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. ४६ ग्रॅमचा चेंडू तेवढ्या वेळात सेकंदाला ६० मीटरचा वेग घेत असेल, तर सरासरी बल साडेपाचशे किलो वजनाएवढे भरते. हे बल दीड सेंटीमीटर बाजूला लागले, तर आजच्या मोठ्या ड्रायव्हरचे हेड चेंडू निघेपर्यंत माझ्या हिशेबाने एक-सव्वा अंश फिरते. ते रोखायला लवचीक शाफ्टच्या (दांड्याच्या) दुसऱ्या टोकाला असलेली माझी मूठ वेळेत पोहोचतच नाही. तळहाताला जो पीळ जाणवतो, तो चेंडू निघून गेल्यानंतरचा.

हेडचे फिरणे आवरते ते त्याचे स्वतःचे जडत्व. अंबडच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे हे मला फ्लायव्हीलवरून चटकन कळते: वजन तेवढेच ठेवून ते मध्यापासून दुप्पट दूर नेले, तर फिरवायला चौपट जड जाते. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने १९५९ मध्ये हेच तत्त्व पटरमध्ये (चेंडू हळूच ढकलून खड्ड्यात घालायच्या क्लबमध्ये) आणले आणि वजन मधून काढून टो व हीलकडे वाटून दिले. एका अभियंत्याला दुसऱ्याविषयी वाटावे तसे मला त्याच्याविषयी मनापासून प्रेम वाटते. पुढे आयर्नच्या पाठी पोकळ झाल्या, ड्रायव्हर ४६० घन सेंटीमीटरपर्यंत फुगले, आणि अखेर नियमांना या जडत्वावरही ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटीमीटरची मर्यादा घालावी लागली. माझे आयर्न जुन्या घडणीचे, सपाट पाठीचे आहे. त्याच्याकडून ड्रायव्हरसारख्या क्षमेची अपेक्षा मी ठेवायला नको होती.

सरावाच्या शेवटी तिथल्या सरांना ठसे दाखवले. त्यांनी क्लबकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, मूठ सैल करा आणि चेंडूच्या दोन बोटे जवळ उभे राहा. आवळलेले हात फटक्याच्या वेळी अंगाशी ओढले जातात.’’ म्हणजे ज्याला मी उपाय समजत होतो, तोच ठशांना टोच्या बाजूला ढकलत होता. हे ऐकून चार महिन्यांच्या कष्टांबद्दल वाईट वाटले, पण त्याहून अधिक हायसे वाटले.

नंतर आठच चेंडू मारता आले, कारण ऊन चढू लागले होते. पहिले तीन ठसे जुन्याच जागी पडले. चौथ्याला आवाज बदलला, हाताला पीळ अजिबात जाणवला नाही आणि चेंडू सरळ समोरच्या बाभळीच्या रोखाने गेला. फेस पाहिला, तर ठसा मध्याच्या अर्धा सेंटीमीटर बाहेर होता. तो मी पुसला नाही. क्लब तसाच बॅगेत ठेवून घरी आणला आणि आत्ता हे लिहिताना तो टेबलाला टेकवून ठेवला आहे.