सोपं, पण नक्की कोणासाठी?

क्लासमध्ये माझ्याकडे चार पोरं, तीन व्हायोलिन आणि एक चेलो (मोठं, खालच्या आवाजाचं तंतुवाद्य). म्हटलं एक सोपं क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांची रचना, बसवू. हौस. सोपी सोपी म्हणून भरपूर मिळतात, त्यातलं एक आणलंही, पण क्वार्टेटमध्ये तिसरं वाद्य व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या आवाजाचं) असतं आणि तो आमच्याकडे नाही, हे मला घरी येऊन पानं उघडल्यावर नीट कळलं.

मग काय, बसलो रात्री व्हायोलाचा पार्ट व्हायोलिनसाठी उतरवत. व्हायोलाचा क्लेफ (कुठल्या रेषेवर कुठला सूर ते सांगणारी खूण) वेगळा, मधल्या रेषेवर त्यांचा सी हा सूर, आमच्या पोरांना तिथे बी दिसतो. झोपेच्या तारेत दोन बार (तालाचे छोटे भाग) मी एक सूर खाली लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास तिसऱ्या व्हायोलिनवरच्या बिचारीला "बोट नीट ठेव, बोट नीट ठेव" म्हणून पिडलं. बोट बरोबरच होतं, चूक माझी. ते सुधारलं तर पुढचं लचांड. व्हायोलाची खालची सी तार व्हायोलिनला नसतेच, आपली सगळ्यात खालची तार जी. त्याखालचे सूर एक सप्तक वर चढवले तर तिसरा आवाज दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला, नुसता गोंगाट. चार रविवार यात गेले, अजून आठवलं की डोकं फिरतं.

आणि उत्तर समोरच होतं! जर्मन संगीतकार पाखेलबेलचा कॅनन मुळातच तीन व्हायोलिन आणि खालच्या बाससाठी आहे. पट्टी डी मेजर, म्हणजे मोकळ्या, बोट न ठेवता वाजणाऱ्या तारा हाताशी. तिघांना एकच पार्ट, दोन-दोन बार मागून सुरू करायचं, त्यामुळे आधी सगळे एकत्र वाजवून पक्कं करता येतं. जलद जागा मी बिनधास्त गाळल्या.

हां, विकत घेण्याआधी व्हायोलाच्या जागी तिसऱ्या व्हायोलिनचा तयार पार्ट आहे का ते बघा, मुलांसाठीच्या बऱ्याच आवृत्त्यांत असतो. व्हायोलिनवाली दोनच मुलं असतील तर संगीतकार बार्टोकचे दोन व्हायोलिनसाठीचे 44 ड्युओ (1931) बघा, सोप्याकडून अवघडाकडे लावलेत. आणि फक्त पहिलं व्हायोलिन बघून सोपं ठरवू नका, मोठे रेस्ट (न वाजवता थांबायच्या जागा) कोणाला आलेत ते बघा, पोरं सुरात चुकत नाहीत तेवढी मोजण्यात चुकतात.

कॅननमध्ये चेलोला तेच आठ सूर 28 वेळा. आमचा चेलोवाला प्रत्येक फेरीला मनात आकडा मोजायचा, पंधराच्या पुढे हमखास हरवायचा. शेवटी दर चौथ्या फेरीला पेन्सिलीने खूण करून दिली. परवा म्हणाला, "सर, एकदा तरी मला वरची धून द्या ना." अजून त्याला काही उत्तर दिलेलं नाही.