रूपकुंडचे ते चौदा जण

मे-जूनमध्ये उत्तराखंडच्या हिमालयातल्या रूपकुंड या तळ्याला गेलेल्या बहुतेकांना तिथली हाडं दिसत नाहीत. तळं, काठ आणि वरचा उतार, सगळं बर्फाखाली असतं. पावसाळा ओसरला की सप्टेंबरात जेमतेम काही आठवडे बर्फ मागे सरतं आणि काठावरचे दगड उघडे पडतात. त्या दगडांत माणसांची हाडं असतात. आम्ही सप्टेंबरात गेलो. तेव्हा हा ट्रेक खुला होता, वाटेतल्या गवताळ कुरणांवर तंबू लावायला बंदी अजून यायची होती.

काठगोदामहून अल्मोडा, ग्वालदम, देवाळ करत लोहाजंगला पोचायला अख्खा दिवस जातो. त्या रस्त्यावर सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पुन्हा कधीतरी. लोहाजंगहून नीलगंगेपर्यंत खाली उतरायचं आणि दिदना गावाकडे छाती काढणारा चढ चढायचा. बांज आणि बुरांशचं जंगल दुसऱ्या दिवशीही बराच वेळ सोबत करतं. मग झाडं एकाएकी संपतात आणि आली बुग्याल लागतं. बुग्याल म्हणजे झाडांच्या रेषेवरचं गवताळ कुरण. आली आणि त्याला लागून असलेलं बेदिनी ही या भागातली दोन मोठी बुग्यालं. सप्टेंबरात गवत पिवळसर सोनेरी होतं आणि सकाळी आभाळ मोकळं असेल तर समोर त्रिशूल, ७,१२० मीटर, आणि त्याच्या शेजारी नंदा घुंटी. रूपकुंड या त्रिशूलच्याच पायथ्याशी आहे.

बेदिनीला वैतरणी नावाचं छोटं कुंड आणि काठावर नंदादेवीचं मंदिर आहे. आमचा गाईड खालच्या वाण गावचा. संध्याकाळी मंदिराजवळ बसून त्याने राजजातीची गोष्ट सांगितली. नंदा ही या मुलखाची लेक. तिला माहेराहून सासरी, म्हणजे वर कैलासाकडे पोचवायला परंपरेने बारा वर्षांनी यात्रा निघते, तीच नंदादेवी राजजात. सर्वांत पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो. यात्रा रूपकुंडावरून होमकुंडापर्यंत जाते. २०१४ सालच्या यात्रेत तो स्वतः गेला होता. गौरीच्या पाठवणीच्या दिवशी घरातल्या बायकांचा आवाज जसा होतो, तसाच त्याचा आवाज हे सांगताना झाला होता, म्हणून मी मधे काही विचारलं नाही.

त्याच यात्रेला पूर्वी कधीतरी कनौजचा राजा जसधवल निघाला, अशी कथा आहे. बरोबर गरोदर राणी बलंपा, नोकरचाकर आणि नर्तकी. देवीच्या वाटेवर त्याने नाचगाणं मांडलं. देवी कोपली. नर्तकींच्या शिळा झाल्या, त्या जागेचं नाव पातर नचौणी. राजा तरी पुढे गेला, राणी वाटेतच बाळंत झाली, विटाळ झाला आणि मग आभाळातून लोखंडासारख्या कठीण गारा पडल्या. सगळे तळ्याशी मेले. बाळंतपणाला देवीचा कोप जोडलेला मला पटत नाही आणि ते मी गाईडलाही बोलले. तो म्हणाला, "दीदी, हमारे यहाँ तो यही गाते हैं." त्यापुढे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पातर नचौणीनंतर कालू विनायकाचा चढ. वर काळ्या पाषाणाचा गणपती आहे. तिथे आमच्यातल्या प्रत्येकाने घंटा वाजवली. तिथून भगवाबासापर्यंत वाट सोपी आहे. तो मुक्काम दगडांचा, वाऱ्याचा आणि झोप न लागण्याचा. दगडांच्या सांदीत ब्रह्मकमळं फुललेली होती.

पहाटे अंधारातच निघालो. शेवटचा चढ तिरका, भुसभुशीत आणि दमवणारा. तळं अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. एका कडेवर पाय ठेवला आणि ते खाली दिसलं, अगदी लहान. व्यास ४० मीटरांच्या आसपास असेल. उंची ५,००० मीटरच्या घरात. पाण्याचा रंग हिरवट काळा, अर्ध्या भागावर पातळ बर्फ.

आधी मला हाडं ओळखूच आली नाहीत. तो सगळा उतारच फुटक्या, फिकट दगडांचा आहे. गाईडने काठीने लांबूनच दाखवलं आणि मग नजर बसली, तशी ती सगळीकडे दिसायला लागली. मांडीची लांब हाडं. बरगड्या. पाठीचे मणके, सुटे सुटे. एकही सांगाडा पूर्ण नव्हता. एका सपाट शिळेवर मात्र कवट्या आणि लांब हाडं नीट मांडून ठेवलेली होती. कवट्यांची तोंडं वाटेकडे. ते कुणी आपल्यासारख्याच ट्रेकरने केलेलं होतं, फोटो चांगला यावा म्हणून.

मला राग आला. त्या मांडणीत एका माणसाची कवटी दुसऱ्याच्या मांडीच्या हाडावर टेकवलेली होती. कुठलं हाड कुठून उचललं, त्याच्या शेजारी काय होतं, ते वर होतं की दगडाखाली दबलेलं, हे सगळं त्या एका फोटोसाठी पुसलं गेलं होतं. तिथे पूर्वी चामड्याची पादत्राणं, अंगठ्या, बांबूच्या काठ्या सापडल्याच्या नोंदी आहेत. आम्हाला त्यातलं काहीच दिसलं नाही. इतक्या वर्षांत बरंच काही पाठीवरच्या पिशव्यांतून खाली गेलं आहे.

ही जागा जगापुढे आली १९४२ साली. एच. के. माधवाल या वनाधिकाऱ्याने हाडांची बातमी खाली पोचवली. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे पहिला संशय आला तो चोरून घुसलेल्या जपानी सैनिकांचा. हाडं त्यापेक्षा जुनी आहेत हे लवकरच कळलं. १९५०च्या दशकात अभ्यासक वर जाऊ लागले, काही हाडं खाली आणली गेली. थंडीमुळे काहींवर मांस आणि केसही टिकले होते.

२००४ साली झालेल्या मोहिमेनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानवशास्त्रज्ञ सुभाष वाळिंबे यांनी हाडं तपासली. काही कवट्यांवर न भरलेल्या, दाबाने झालेल्या इजा होत्या. शस्त्राचे वार नव्हेत, वरून काहीतरी गोल आणि जड आदळल्यासारख्या. कार्बन कालमापनाने साल निघालं इसवी सन ८५०च्या आसपास. कथेतल्या लोखंडी गारा आणि प्रयोगशाळेतल्या इजा एकमेकींना अशा चपखल बसल्या, की रूपकुंडचं कोडं सुटलं असंच सगळीकडे छापून आलं. एकच जत्था, एकच वादळ, एकच दिवस. हैदराबादच्या डीएनए तपासणीतून काही नमुने कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात, अशाही बातम्या तेव्हा आल्या होत्या. आमच्या गटात त्यावरून वर जाईपर्यंत चर्चा चालू होती. मीही गारांचीच गोष्ट मनात धरून तळ्याशी उभी होते.

तळ्याच्या वर जुनारगलीची खिंड आहे. आम्ही दोघीतिघी दोराच्या आधाराने वर गेलो. खिंड नावालाच, ती सुरीच्या पात्याएवढी अरुंद धार आहे. पलीकडे शिलासमुद्र ही हिमनदी आणि त्याच्यामागे त्रिशूलची भिंत. राजजात याच धारेवरून पलीकडे उतरते. अलीकडे पाहिलं तर सगळा उतार थेट तळ्यात जातो. पायाखालून सुटलेला एक दगड आम्ही खाली पाण्यापर्यंत जाताना बघितला. वर धारेवर कुणी मेलं, मग ते कोणत्याही शतकात आणि कोणत्याही कारणाने, तरी दरडींबरोबर, वितळत्या बर्फाबरोबर त्याची हाडं शेवटी खाली तळ्यातच येणार. म्हणजे हाडं एका जागी सापडली यावरून माणसं एकत्र मेली असं ठरत नाही. हे त्या धारेवर उभं राहिल्यावर जितकं लख्ख कळतं, तितकं वाचून कळत नाही.

ऑगस्ट २०१९मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात रूपकुंडच्या ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास आला. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था, हार्वर्ड आणि इतर अनेक ठिकाणचे संशोधक त्यात होते. डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठीही. मी तो लेख अडखळत, शब्द शोधत, पण शेवटपर्यंत वाचला. २३ पुरुष, १५ स्त्रिया. त्यातले २३ जण भारतीय उपखंडातल्या वंशाचे, पण एका कुळाचे किंवा एका जमातीचे नव्हेत. त्यांच्यात खूप वैविध्य आहे आणि काळही एकच नाही. साधारण सातव्या ते दहाव्या शतकात ते वेगवेगळ्या वेळी वारले असावेत. ३८ जणांत जवळचं नातं कुणाचंच कुणाशी नाही. राजा, राणी आणि गोतावळा, किंवा एकाच घराण्यातली माणसं, हे चित्र तिथेच मोडतं. साथीच्या रोगाचे जिवाणूही सापडले नाहीत. लेखात न भरलेल्या इजांची नोंद आहे ती फक्त तिघांची. गारांनी काही जण गेले असतील, यात अशक्य काही नाही. पण तिघांच्या जखमांवर शेकडो माणसांचा मृत्यू टांगणं मला आता जमत नाही.

एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. आणि उरलेले चौदा जण पूर्व भूमध्य प्रदेशातले, आजच्या ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या आणि क्रीट बेटावरच्या लोकांना सर्वांत जवळचे. त्यांचा काळ नवव्या शतकातला नाही, इसवी सन १८००च्या आसपासचा आहे. कालमापनात मागेपुढे धरलं तर सतरावं ते विसावं शतक.

हे चौदा जण तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. सिकंदराबरोबर आलेल्यांचे वंशज असतील, ही शंका पहिल्यांदा येतेच. पण तसं असतं तर दोन हजार वर्षांत त्यांच्यात इथलं रक्त मिसळलेलं दिसायला हवं होतं आणि ते दिसत नाही. हाडांतल्या समस्थानिकांवरून, म्हणजे खाल्लेल्या अन्नाची खूण ठेवणाऱ्या अणूंच्या प्रकारांवरून, त्यांचा आहार गहू, जव, तांदूळ अशा धान्यांच्या गटातला दिसतो. आपल्याकडच्या ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांच्या खुणा त्यात नाहीत. जुन्या २३ जणांत मात्र दोन्ही प्रकार आढळतात. म्हणजे हे लोक बहुधा तिकडेच, उस्मानी, म्हणजे तुर्की, साम्राज्याच्या मुलखात जन्मले, वाढले आणि मग इथे आले. नंदादेवीच्या यात्रेला? मला ते पटत नाही. व्यापाराला? रूपकुंड तिबेटच्या कुठल्याही व्यापारी वाटेवर नाही. तिथून पुढे फक्त बर्फ आहे.

मग १८००च्या आसपासचा गढवाल डोळ्यांपुढे आणून बघते. १८०३ साली तिथे मोठा भूकंप झाला. १८०४ पासून १८१५ पर्यंत गोरख्यांचा अंमल, त्यानंतर कंपनी सरकार आणि त्याचे कागद ठेवणारे अधिकारी. अशा मुलखातून परक्या तोंडवळ्याची, परकी भाषा बोलणारी चौदा माणसं, कदाचित आणखी बरीच, वाण गावावरून वर गेली आणि परत आली नाहीत. वाणच्या कुणीतरी त्यांना पाणी दिलं असेल, वाट दाखवली असेल, मेंढरांच्या मोसमात वर गेल्यावर त्यांची प्रेतं पाहिली असतील. तिकडे, समुद्राच्या काठच्या कुठल्यातरी गावात त्यांची वाट पाहणारी माणसं असतील. हजार वर्षांपूर्वीच्या लोकांबद्दल कागद नाही, हे समजू शकतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या चौदा माणसांचं एक ओळीचंही टिपण पुढे येत नाही, हे मला सहन होत नाही.

म्हणून 'रूपकुंडला काय झालं?' हा प्रश्नच मी आता विचारत नाही. तो एक प्रश्न नाहीच. त्या २३ जणांचे निरनिराळे मृत्यू वेगळे, त्या एकट्या आग्नेय आशियाई माणसाचा वेगळा आणि या चौदा जणांचा वेगळा. आणि हे सगळं फक्त ३८ जणांवरून. तिथे एकूण किती जण आहेत याचे अंदाज तीनशेपासून आठशेपर्यंत जातात.

२०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडचा नेहमीचा ट्रेक थांबला. बुग्यालांसाठी झालेला तो निर्णय हाडांच्याही पथ्यावर पडला, असं मी मानते, जरी त्यामुळे वाण-लोहाजंगच्या गाईडांची आणि खेचरवाल्यांची कमाई बुडाली. त्यांना डावलून तिथलं काहीही राखलं जाणार नाही. खरं काम अजून व्हायचंच आहे: काठाचा नकाशा, प्रत्येक हाडाची जागा, तळाचा गाळ.

तोपर्यंत एक गोष्ट आपल्याकडून होण्यासारखी आहे. महाराष्ट्रातून कितीतरी ट्रेकिंग क्लब वर्षानुवर्षं रूपकुंडला गेले. तुमच्या घरी, काकांच्या कपाटात, क्लबच्या कार्यालयात त्या ट्रेकचे जुने फोटो किंवा स्लाइड्स असतील तर टाकून देऊ नका. मागे साल आणि महिना लिहा, फोटो तळ्याच्या कुठल्या बाजूने काढला ते आठवत असेल तर तेही लिहा. हाडं उचलून मांडली जाण्याआधी कशी पडली होती, हे आता फक्त अशा फोटोंतच उरलंय. आणि कुणी आठवण म्हणून तिथून एखादं हाड, अंगठी, चपलेचा तुकडा आणला असेल, तर तो शोकेसमध्ये ठेवू नका. जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला द्या, कुठून उचलला तेही सांगा. तुम्हाला कुणी रागावणार नाही. तो तुकडा कदाचित त्या चौदा जणांपैकी एकाचा असेल.