मुळ्याची कोशिंबीर आणि माझा थायरॉइड

गेल्या डिसेंबरात माझ्या रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक (हार्मोन), ९.२ आला; ग्रंथीचे काम कमी पडले की हा आकडा चढतो. सात वर्षे थायरॉइडची गोळी चालू असूनही हा आकडा एवढा वर कधी गेला नव्हता. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कात फेरी मारताना ही गोष्ट मैत्रिणींच्या कानावर घातली, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने सांगितले की कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल यांना आता घरात थारा देऊ नकोस, आणि कच्चे तर मुळीच खाऊ नकोस. घरी परतले तर सासूबाई मुळा किसत बसल्या होत्या. ज्या घरात थंडीभर मुळ्याची कोशिंबीर होत आली आहे, तिथे ती बंद करा असे सांगण्यापूर्वी या म्हणण्यात तथ्य किती, हे मला नीट समजून घ्यायचे होते.

तथ्य आहे, आणि ते त्या किसणीवरच कळते. अख्ख्या मुळ्याला फारसा वास नसतो. किसणीवर घासला की क्षणात नाकाला झोंबणारा दर्प सुटतो. मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये आणि मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) अशी दोन्ही असतात, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. भाजी चिरली, किसली किंवा चावली की ती एकमेकांत मिसळतात आणि तो दर्प देणारी द्रव्ये तयार होतात. त्यांतल्या काहींपासून थायोसायनेट बनते, जे थायरॉइड ग्रंथीत शिरू पाहणाऱ्या आयोडीनची वाट अडवते; काही भाज्यांतून गॉयट्रिन हे द्रव्य निघते, जे आत पोचलेल्या आयोडीनपासून संप्रेरक बनवण्याच्या कामातच खोडा घालते. शिजवताना उष्णतेने ते विकर निकामी होते, त्यामुळे कच्च्या आणि शिजवलेल्या भाजीतला फरक खरा आहे. कोबीच्या पचडीवर कडकडीत फोडणी घातली तरी आतला कोबी कच्चाच राहतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

हे सगळे सशांमुळे उजेडात आले. १९२८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे ॲलन चेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, दुसऱ्याच एका संशोधनासाठी पाळलेल्या आणि मुख्यतः कोबीवर पोसलेल्या सशांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजल्या आहेत. पुढे आयोडीन दिल्यावर ही सूज रोखता येते, हेही दिसून आले. माणसांमधले बहुचर्चित उदाहरण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधील ८८ वर्षांच्या एका बाई मधुमेह आटोक्यात यावा म्हणून कित्येक महिने दररोज एक ते दीड किलो बॉक चॉय, म्हणजे चिनी कोबीचा एक प्रकार, कच्चा खात होत्या. थायरॉइड संप्रेरकाच्या तीव्र अभावामुळे अखेर त्यांना बेशुद्धावस्थेच्या उंबरठ्यावर रुग्णालयात आणावे लागले. याउलट १९८६ च्या एका छोट्या प्रयोगात दररोज १५० ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीच्याच कुळातले इवलेसे गड्डे, चार आठवडे खाऊनही कोणाच्या थायरॉइडच्या कामात फरक पडला नव्हता. आमच्याकडे एक मध्यम मुळा चौघांत वाटला जातो. त्या दीड किलोशी त्याची तुलना होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले.

माझ्या बाबतीत मात्र कोशिंबिरीखेरीज आणखी एक गोष्ट होती. ऑगस्टपासून मी सकाळी कोबी, मुळ्याचा पाला आणि पालक यांचा मोठा पेलाभर कच्चा रस घेत होते. डॉक्टरांनी मात्र रसाच्या आधी तीन गोष्टी विचारल्या: गोळी किती वाजता घेता, तिच्यानंतर किती वेळाने काय पोटात जाते, आणि घरात मीठ कोणते आहे. गोळी घेतल्यावर पंधरा मिनिटांत चहा होत होता, पाठोपाठ तो रस, आणि न्याहारीबरोबर कॅल्शियमची गोळी. श्रावणात उपवासासाठी आणलेले सैंधव बरे वाटले म्हणून तेच रोजच्या स्वयंपाकात रुळले होते.

थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाचीच, गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही खायचे-प्यायचे नसते. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या लागतात, कारण त्यांच्यामुळे ती रक्तात पुरेशी शोषली जात नाही. खूप तंतुमय पदार्थही तेच करू शकतात. येथे मला एक गोष्ट उमगली, जी आधी कोणीच सांगितली नव्हती. ज्यांची ग्रंथी जवळजवळ थांबली आहे आणि ज्यांना पूर्ण मात्रेची गोळी आहे, त्यांना संप्रेरक तयारच मिळत असते. त्यामुळे कच्चा कोबी ग्रंथीला काय करतो यापेक्षा तो गोळीच्या किती जवळ पोटात जातो, हे त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते.

राहिला मिठाचा प्रश्न. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला त्याहून बरेच जास्त. आपल्या देशात १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. सैंधवात ते मुद्दाम मिसळलेले नसेल तर नगण्यच असते. आठवड्यातून तीनदा बांगडा किंवा सुरमई होणाऱ्या घरात थोडेफार आयोडीन समुद्राकडून मिळते. आमच्यासारख्या शाकाहारी घरात मिठाची पिशवी बदलली की मोठा आधारच सुटतो. आयोडीन कमी आणि कच्चा कोबी भरपूर, हे दोन्ही एकत्र आले तरच त्या थायोसायनेटला खरे बळ मिळते.

मी रस बंद केला, मीठ बदलले, कॅल्शियमची गोळी रात्रीवर नेली आणि थायरॉक्सिनची गोळी उशाशी ठेवून पहाटे साडेपाचला घेऊ लागले. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला. चारही बदल एकदम केल्यामुळे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. मात्र त्या आठ आठवड्यांत मुळ्याची कोशिंबीर आठवड्यातून दोनदा होतच होती, आणि कोबीची पचडीही.

मुलुंडला राहणारी माझी धाकटी जाऊही गेले वर्षभर असाच हिरवा रस घेते, मासे खात नाही आणि स्वयंपाकात फक्त सैंधव वापरते. तिला अजून गोळी लागलेली नाही, म्हणजे सगळी मदार तिच्या स्वतःच्या ग्रंथीवर आहे. रविवारी फोनवर तिने विचारले, "ताई, मग मी कोबी सोडू का?" मी तिला आधी मीठ बदलायला, रस आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणायला आणि या महिन्यात टीएसएच तपासून घ्यायला सांगितले. कोबी सोडायला सांगितले नाही.