तंबू कुठे लावायचा : आमची वाटचाल

हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामी ट्रेक काढणं हे आमच्या छोट्या संस्थेचं काम. दिवसा डोंगरात चालणं तसं सोपं असतं. रात्र काढायची म्हटली की खरे प्रश्न सुरू होतात. पाणी कुठून आणायचं, शौचाला कुठे जायचं, वारा कोणत्या बाजूने येणार, ज्याचं डोकं दुखतंय तो पहाटेपर्यंत बरा होईल की त्याला आत्ताच खाली न्यायचं. आणि आपण तंबू गुंडाळून निघून गेल्यावर त्याखालच्या गवताचं काय होणार. आमचे सगळे मोठे निर्णय, अगदी पैशांचेसुद्धा, या तंबूच्या जागेभोवतीच झाले आहेत.

आम्ही दोघी मैत्रिणी सह्याद्रीत वाढलेल्या. किल्ल्यावरची गुहा, गावातल्या देवळाचा सभामंडप, एखाद्या मावशींच्या घराची ओसरी, अशा ठिकाणी रात्री काढायची सवय होती. पण सह्याद्रीत रात्रीची उंची हा विषयच नसतो. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. हिमालयातले आमचे बहुतेक मुक्काम याच्या दुप्पट उंचीवर असतात. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला, तेव्हा हा फरक अंगानं कळला. तिथल्या उस्तादांनी दोरापेक्षाही जास्त वेळ कॅम्पच्या शिस्तीवर घालवला होता, आणि आजही आम्हाला रोज उपयोगी पडते ती तीच शिस्त.

संस्था सुरू केली ती २०१३ च्या जलप्रलयानंतर. उत्तराखंडात जायला लोक घाबरत होते, तिथल्या गावांचं उत्पन्न आटलं होतं. ओळखीतली माणसं घेऊन आम्ही मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रेक काढू लागलो. तेव्हा सगळ्यांना रूपकुंड, म्हणजे उत्तराखंडातलं उंचावरचं तळं, हवं असायचं. वाण किंवा लोहाजंग या गावांतून निघायचं, ‘आली’ आणि ‘बेदनी’ या दोन बुग्यालांवर मुक्काम करायचा आणि पुढे चढायचं. संस्थेची पहिली काही वर्षं या एका वाटेवर उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर, बर्फाची हद्द सुरू होण्याआधी पसरलेली कुरणं. हिमाचलात अशा जागेला थाच म्हणतात. पायथ्याकडून भोजपत्र आणि बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) झुडपं ठेंगणी होत येतात आणि एका वळणानंतर नुसतं गवत आणि आभाळ उरतं. ही माती पातळ असते. वर्षातले सहा-सात महिने ती बर्फाखाली किंवा गोठलेली असते, त्यामुळे उरलेल्या चार-पाच महिन्यांतच गवताला उगवायचं, फुलायचं, बी धरायचं असतं. नेमक्या त्याच महिन्यांत आपण तंबू घेऊन जातो. एखादी रात्र तंबू राहिला तर गवत पुन्हा उभं राहतं. तोच तंबू पूर्ण मोसम एका जागी राहिला, पावसाचं पाणी वळवायला भोवती चर खणला, खेचरं त्याच पट्ट्यात बांधली, की मुळांची वीण तुटते. उताराला तुटलेली हिरवळ पाण्याबरोबर निघते आणि मग त्या जागी घळ पडत जाते.

रूपकुंडच्या वाटेवर त्या काळात कायमचे कॅम्प पडू लागले होते. एकीकडून एक तुकडी वर येते, दुसरीकडून दुसरी उतरते, तंबू मात्र महिनोन्महिने तिथेच. धंद्याच्या हिशेबानं ही पद्धत फार फायद्याची. सामान वाहायचा खर्च वाचतो, खेचरं कमी लागतात, दर खाली आणता येतो. आम्हालाही अनेकांनी ती सुचवली. आम्ही ती धरली नाही. आमचे तंबू आमच्याबरोबर चालतात आणि आमच्याबरोबर उतरतात. त्यामुळे आमचा ट्रेक महाग पडतो, आणि दर विचारून फोन ठेवणारी माणसं आम्हाला आजही भेटतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला. बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी, पर्यटकांच्या संख्येवर २०० ची मर्यादा, कायमची बांधकामं काढून टाकायची. सप्टेंबरच्या तुकड्या भरलेल्या होत्या. आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले. ज्यांची तयारी होती त्यांना दुसरीकडे नेलं. त्या वर्षी संस्थेच्या खात्यात फारसं काही उरलं नाही.

तरीही तो निकाल मला योग्य वाटला, आणि आजही वाटतो. बेदनीचं गवत आम्ही डोळ्यांदेखत विरळ होताना पाहिलं होतं. दुःख आहे ते वेगळ्या गोष्टीचं. त्याची झळ सगळ्यात जास्त वाण आणि लोहाजंगच्या लोकांना बसली. खेचरवाले, स्वयंपाकी, दुकानदार. शहरातली संस्था दुसरी वाट शोधू शकते. ज्याचं खेचर आणि कर्ज दोन्ही त्याच गावात आहे, त्याला ते जमत नाही. बुग्याल जपायचं तर बुग्यालाखालच्या गावांची व्यवस्था आधी लागायला हवी, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

त्यानंतर आम्ही मुक्कामाचा नकाशा नव्यानं आखला. रात्र झाडांच्या हद्दीखाली किंवा गावात काढायची, आणि कुरण दिवसा पाहून परतायचं. या एका नियमामुळे आम्ही कुल्लू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाकडे वळलो.

हे उद्यान १९९९ मध्ये अधिसूचित झालं, २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. सुमारे ७५४ चौरस किलोमीटरचा हा मुलूख, आणि त्यात गाडीरस्ता नाही. साईरोपाला परवाना घ्यायचा, गुशैणीपासून तीर्थन नदीच्या कडेनं चालत रोल्लाला पोहोचायचं. दुसऱ्या दिवशी शिल्टची खडी चढण. जवळजवळ हजार मीटर उंची एका दमात घ्यावी लागते, आणि सह्याद्रीच्या माणसालाही ती घाम काढते. शिल्टला जंगलातल्या मोकळ्या जागेत मुक्काम.

मुक्कामी ट्रेकच का, एका दिवसात जाऊन का येऊ नये, असं कुणी विचारलं की मी शिल्टच्या पहाटेविषयी सांगते. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान, या उद्यानात राहतो. जगात त्याची संख्या थोडी आणि तो कमालीचा लाजाळू, त्यामुळे दिसणं अवघडच. पण मे महिन्यात, विणीच्या दिवसांत, उजाडायच्या आधी नराची हाक दाट झाडीतून येते. करडू हरवल्यासारखी, ओढलेली, नाकातली. ती ऐकायची तर अंधारात तिथे असायला हवं. आमच्या तुकडीतली माणसं स्लीपिंग बॅगमध्ये उठून बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. पुण्या-मुंबईहून इतक्या लांब माणसांना आणायचं समाधान मला त्या अर्ध्या तासात मिळतं.

उद्यान झाल्यावर खोऱ्यातल्या लोकांचे आतल्या कुरणांवरचे चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे हक्क गेले. म्हणून तिथे आम्ही शहरातून आचारी किंवा हमाल नेत नाही. गाईड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे तीर्थन खोऱ्यातल्या गावांतले. खेचरं या वाटांवर चालत नाहीत, सामान माणसांच्या पाठीवरच जातं. पाठीवरचं ओझं आम्ही स्वतः काट्यावर तोलतो, आणि पोर्टरला पाहुण्याइतकीच जाड स्लीपिंग बॅग आणि विमा देतो. हे वेगळं लिहावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. डोंगरात हे सगळीकडे होत नाही.

आता झोपायच्या उंचीविषयी, कारण आमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका, म्हणजे विरळ हवेमुळे होणारा उंचीचा आजार, तिथेच असतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस ठेवायचा, असं डॉक्टर सांगतात. दिवसा कितीही चढा, रात्री खाली या. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात हा नियम पाळणं अवघड जातं. गंगोत्री ३१०० मीटरच्या आसपास, आणि गोमुखच्या वाटेवरचा नेहमीचा मुक्काम भोजबासा जवळपास ३८०० मीटरवर. गाडीनं संध्याकाळी गंगोत्रीला यायचं आणि सकाळी उठून भोजबासा गाठायचं, असा कार्यक्रम सर्रास चालतो. गोमुखच्या वाटेवर दिवसाला १५० माणसांनाच परवाना मिळतो, त्यामुळे तारीख मिळाली की लोक घाई करतात. आम्ही गंगोत्रीत दोन रात्री थांबतो. मधल्या दिवशी वर चालून येतो. परवान्याचा अर्ज त्या हिशेबानं आधीच करतो.

भोजबासाला संध्याकाळी आम्ही प्रत्येक तंबूत फेरी मारतो. डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, लघवीला किती वेळा गेलात, सरळ रेषेत चालून दाखवा. ऑक्सिमीटर बोटाला लावतो, पण त्या आकड्यापेक्षा माणसाच्या उत्तरांकडे जास्त लक्ष देतो. मराठी माणूस डोकेदुखी लपवतो, हा माझा अनुभव आहे. सगळ्यांचा ट्रेक आपल्यामुळे बिघडेल अशी भीती असते. म्हणून नोंदणीच्या वेळीच आम्ही सांगून ठेवतो, की तुम्हाला उतरवायची वेळ आली तर तुमच्याबरोबर एक वेगळा गाईड आणि एक पोर्टर जाईल, बाकीची तुकडी पुढे चालेल. हे एकदा मनात बसलं की लोक मोकळेपणानं बोलतात. एका मोसमात सत्तरीला आलेल्या एका काकांना रात्री दहा वाजता उलट्या सुरू झाल्या आणि पाय लटपटू लागले. सकाळची वाट पाहिली नाही. हेडलॅम्प लावून गाईड त्यांना घेऊन उतरला. पहाटे चीडवासाच्या खाली पोहोचेपर्यंत ते स्वतः चालत होते. त्या जादा गाईडचा पगार आम्ही दर तुकडीत मोजतो. बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, आणि तो खर्च वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

स्वयंपाकघराचंही तसंच. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही. कुकर सोबत असतोच, तरी राजमा आम्ही खालच्या मुक्कामावर उरकतो आणि वर खिचडी, सूप, बटाटा असं सोपं जेवण ठेवतो. तंबूत स्टोव्ह पेटवायला सक्त मनाई. थंडीत चेन लावून बसल्यावर विषारी वायू कळत नाही.

कचऱ्याबद्दल आम्ही संकोच न करता बोलतो. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. प्रत्येकाला एक कापडी पिशवी देतो, त्यात आपला सुका कचरा आपणच खाली आणायचा. वेट वाइप्स कुजत नाहीत, सॅनिटरी पॅडही नाहीत; दोन्ही पिशवीतच. आम्ही दोघी बायका असल्यामुळे हे सांगणं सोपं जातं. पाळीच्या दिवसांत मुलींना काय करायचं हे आधीच माहीत असलं की त्या निर्धास्त चालतात.

काही ठिकाणी आम्हाला नाही म्हणावं लागतं. फुलांची दरी, १९८२ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, तिथे आत मुक्काम करता येत नाही. १९३१ मध्ये कामेत शिखरावरून उतरताना फ्रँक स्माइथ तिथे पोहोचला, ते वाचून आलेल्यांना आत तंबू लावायचा असतो. राहायचं घांगरियाला, आणि संध्याकाळी पाचच्या आत दरीतून बाहेर. आम्ही या ट्रेकला मुक्कामी ट्रेक म्हणून विकत नाही. ज्यांना फुलंच पाहायची आहेत, त्यांनाच नेतो. हर-की-दून या दरीच्या ट्रेकला गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर ओसलासारख्या गावात घरगुती मुक्काम करतो. लाकडी घरात, चुलीजवळ. तिथला पैसा थेट घरात जातो, ही मला या सगळ्या वाटचालीतली सगळ्यात आवडती रचना वाटते.

२०२० बंद गेलं, ते सगळ्यांचंच गेलं. २०२३ च्या जुलैमध्ये कुल्लूत पूर आला, तेव्हा आमची त्या भागातली पावसाळ्यानंतरची तुकडी आम्ही स्वतःहून रद्द केली. ज्यांनी पैसे परत न घेता ते तिथल्या सहकाऱ्यांना द्या म्हणून सांगितलं, त्या माणसांची यादी माझ्या टेबलासमोर लावलेली आहे.

आजही एका तुकडीत आम्ही बारापेक्षा जास्त माणसं घेत नाही. संस्था मोठी करा, असं हितचिंतक सांगतात. बारा माणसांचे सहा तंबू जंगलातल्या एका मोकळ्या जागेत मावतात. चोवीस माणसांसाठी कुरणावर जावं लागतं. पुढच्या मोसमापासून तीर्थनच्या वाटेवर खोऱ्यातल्याच दोन मुली आमच्या गाईड असतील. एकीनं प्रथमोपचाराचा कोर्स पूर्ण केला आहे, दुसरीचा चालू आहे. शिल्टला तंबू कुठे लावायचे हे आता त्या ठरवतील.